बोअर मारण्याआधी अक्काच्या गावी

गेल्या वर्षीची अकरा मार्च, मंगळवार. रक्कम एक लाख वीस हजार रुपये, निम्मी आमची आणि निम्मी सुरेशची. हजर चौघं: माझे थोरले भाऊ नाना, वहिनी, चुलतभाऊ सुरेश आणि मी. ठिकाण पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावी, नानांचा ओटा. विषय एकच होता, तिसरा बोअर.

आधीचे दोन मी विसरलेलो नाही. पहिल्यातून नुसता धुरळा निघाला. दुसरा एक उन्हाळा चालला आणि दुसऱ्या उन्हाळ्यात मोटर हवा ओढू लागली. तिसरा नानांच्या आणि सुरेशच्या वावराच्या हद्दीवर घ्यायचा, खर्च निम्मा आणि पाणीही निम्मं, असं ठरलं होतं. बोअरवाल्याला पाच हजार इसार दिला होता आणि त्याची गाडी शनिवारी येणार होती.

मी जळगावला पिंप्राळ्यात राहतो आणि एका डाळ मिलमध्ये हिशेब लिहितो. शेती नाना बघतात. त्यांनी लावलेली लिंबाची झाडं पाचव्या वर्षात होती, नुकती फळ धरू लागली होती आणि मार्चातच पिवळी पडत होती. नाना म्हणाले होते, "या खेपेला पाणी नाही लागलं तर झाडं काढतो आणि येतो पिंप्राळ्याला. बसतो तुझ्या गॅलरीत." ते गॅलरीत बसलेले मला डोळ्यांसमोर आणवत नव्हते.

बैठक उठायच्या बेतात होती, तेवढ्यात अक्काचा फोन आला. अक्का आम्हा दोघांहून मोठी. तिला साक्री तालुक्यात दिलेली आहे. फोन स्पीकरवर होता.

"बोअर तं तुम्ही मारशातच," ती म्हणाली. "पन तेन्हा आधी एक डाव मन्हा गावले या. होळी आठेच करा. दर आखाजीले मी माहेरले येस. तुम्ही भाऊ कधी येतस का?"

"अक्का, शनिवारी गाडी शे," नाना म्हणाले.

"मंग शुक्रवारी परत जा. डोंगर देखा, पानी देखा, पुरनपोळी खा. सुरेशलेबी संगे लई या. त्यान्हाबी पैसा शे ना?"

अशा रीतीने आम्ही तिघे निघालो. वहिनी म्हणाल्या, लिंबांना हंड्याने पाणी घालायला कोणीतरी घरी हवं.

नाना निघताना विहिरीच्या स्टार्टर पेटीला कुलूप घालून आले. त्या कुलपाची तोवर एकच किल्ली होती आणि ती नानांच्या करदोट्याला असते. अंघोळीलाही निघत नाही. गावात त्यावरून पुष्कळ चेष्टा होते. ती विहीर आमच्या वडिलांनी आमच्या वाट्याच्या जमिनीत, उताराच्या पायथ्याला खोदलेली. दिवाळीनंतर महिनाभरात ती तळ दाखवते. सुरेशच्या वाट्यात विहीर नाही.

पांझरेच्या काठी

प्रवासाचं सांगण्यासारखं फार नाही. धुळ्याला एस.टी. बदलली. साक्री रोडवर एका ठिकाणी शेवभाजी खाल्ली. तिखट इतकं होतं की सुरेश पाणी मागत राहिला आणि हॉटेलवाला म्हणाला, "भाऊ, पाणी पिऊ नका, भाकरी खा. पाण्याने आणखी लागतं."

पुढे पांझरेजवळ उतरून मुद्दाम एक जुना बंधारा पाहिला, कारण नानांना फड दाखवायचा होता. लहानपणी ते वडिलांबरोबर इथे आले होते. दगडी बंधाऱ्यातून पाट काढलेला आणि त्याच्याखाली जमिनीचे मोठाले तुकडे. एकेका तुकड्याला फड म्हणतात. एका फडात वीसेक मालक असले तरी पीक एकच घ्यायचं, आणि पाणी सोडणारा माणूस गावाने नेमलेला. मालकाने स्वतःच्या हाताने पाणी घ्यायचं नाही, पाळी आली की ते मिळतं.

"आणि पाळी चुकवली तर?" सुरेशने बांधावरच्या एका म्हाताऱ्याला विचारलं.

"तं पुढली पाळी," म्हातारा म्हणाला. "पानी काय तुन्हा जावई शे का, वाट देखत बसाले?"

सुरेश हसला. नाना हसले नाहीत. ते त्या पाटाकडे बघत उभे राहिले आणि त्यांचा हात कमरेशी होता.

अक्काचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही. अक्कानेच मना केलं आहे. ती म्हणते, लोक फटफट्या घेऊन बघायला येतात आणि जेवायला थांबतात.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. पंधरा वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नाला आलो होतो तेव्हाचा डोंगर मला आठवत होता: उघडा, तांबूस, खरवडल्यासारखा. आता त्याच्यावर कमरेएवढं वाळलेलं गवत होतं, पिवळंजर्द. मधूनमधून आंजन आणि सीताफळीची झुडपं. हिरवं म्हणावं असं काही नव्हतं आणि कोणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मार्चात आमच्याकडचा डोंगर हिरवा नसतोच. फरक खाली होता. गावालगतच्या वावरांत गहू कापणीला आला होता आणि कांदा उभा होता. अक्काच्या विहिरीत डोकावलो तर पाणी दिसलं. आमच्या विहिरीत या दिवसांत फक्त कबुतरं दिसतात.

रात्रीचं जेवण कळण्याची भाकरी, ठेचा आणि फुनके-कढी. जेवताना अक्काचे थोरले दीर आले, दगाजी आबा. वय सत्तरीच्या पुढे आणि आवाज चाळिशीचा. हे गृहस्थ स्वतःबद्दल मोकळेपणाने बोलतात.

"हाऊ डोंगर मीच राखेल शे," ते बसता बसता म्हणाले.

"राखा ना तुम्ही!" अक्का आतून म्हणाली. "आधी शेळ्या कोन्ह्या व्हत्या वर? गावनी चराईबंदी करी आनि पहिला दंड कोनले व्हयना?"

"पहिला दंड मन्हाच," आबा तितक्याच अभिमानाने म्हणाले. "म्हनीसन तं माले राखनदार करं. चोरले चोरन्या वाटा मालूम."

मी विचारलं, चराई बंद केल्यावर शेळ्यावाल्यांचं काय झालं? कारण अशा कामांच्या वर्णनात हा प्रश्न गाळलेला असतो. आबांनी अक्काकडे पाहिलं. उत्तर अक्काने दिलं. दोन घरं गाव सोडून गेली. बाकीच्यांनी शेळ्या कमी करून म्हशी घेतल्या. ती दोन घरं अजून परत आलेली नाहीत.

डोंगरावर

गुरुवारी होळी होती. सकाळी आबांनी आम्हाला वर नेलं. डोंगराच्या माथ्यापासून खाली, उताराला आडवे चर खोदलेले आहेत. एका चरातली माती त्याच्याच खालच्या अंगाला टाकलेली. पाऊस पडला की पाणी धावण्याआधी थांबतं, मुरतं आणि मग सावकाश खाली झिरपतं. ओहोळांत दगड रचून लहान बांध घातलेत. काम माथ्यावरून खाली करायचं, हा त्यांचा नियम. खालचा बांध आधी बांधला तर वरचं पाणी पहिल्याच पावसात तो घेऊन जातं.

चर बरेचसे गाळाने भरत आले होते आणि त्या गाळातच गवत दाट होतं. हे गवत दिवाळीनंतर कापायला खुलं करतात. घरटी एक विळा, आणि डोक्यावर मावेल तेवढाच भारा. गाडी नाही, ट्रॅक्टर नाही. ज्या घरी जनावर नाही, ते घरसुद्धा भारा कापतं आणि म्हशीवाल्याला विकतं. आमच्याकडे गायरानात ज्याची गाडी मोठी त्याचं गवत जास्त, त्यामुळे मला हा नियम आवडला.

उतरताना नानांच्या चपलेचा अंगठा तुटला. काटे पुष्कळ होते. नानांनी सहज वाकून मूठभर गवत उपटलं, पीळ दिला आणि चप्पल पायाला बांधली. शेतकरी माणूस दुसरं काय करणार? मागून शिट्टी वाजली. आबांच्या गळ्यात शिट्टी असते हे तोवर आमच्या लक्षात आलं नव्हतं.

"काय भो, चप्पल तुटनी म्हनीसन डोंगर उपटशी का?"

"आबा, मूठभर गवत शे!"

"मूठभर म्हनीसनच तं गया व्हता डोंगर. एक नारळ आनि एक्कावन रुपया. मारुतीपुढे."

"मी पाहुना शे. तुम्हना भाऊना साला शे!"

"साला शे म्हनीसन एक्कावन. दुसरा कोन्ही ऱ्हाता तं एकशे एक."

नानांना वाटलं, चेष्टा चालली आहे. ती चेष्टा नव्हती. गावात उतरल्यावर आम्ही दुकानातून नारळ घेतला आणि मारुतीच्या पारावर दंड भरला. पारावर बसलेल्या चौघांनी नानांना रामराम घातला आणि एकाने जागा करून दिली. नाना दिवसभर धुमसत होते. पण संध्याकाळी होळी पेटली तेव्हा त्यांनीच मला दाखवलं की होळीत एकही झाडाचं लाकूड नाही. सगळ्या गोवऱ्या आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या. "नुसतं पाहुण्यालाच नाही, देवालाही सूट नाही यांच्याकडे," ते म्हणाले आणि खापरावरच्या पुरणपोळीवर आणखी तूप मागून घेतलं.

आबांचं वावर

त्याच दिवशी दुपारी, होळी पेटण्याआधी, आबांनी आम्हाला त्यांचं वावर दाखवलं, आणि ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ती गोष्ट तिथे झाली.

आमच्या आजोबांनी हयातीतच दोन मुलांना जमीन वाटून दिली होती. जमीन उताराची. वर मुरूम, खाली काळी. वरचा तुकडा एकाला आणि खालचा दुसऱ्याला दिला असता तर अन्याय झाला असता. म्हणून त्यांनी वरून खालपर्यंत सरळ बांध घातला, म्हणजे दोघांना थोडा मुरूम आणि थोडी काळी. आमच्या वडिलांचा पट्टा नानांकडे आणि माझ्याकडे आला, काकांचा सुरेशकडे. मला ही वाटणी नेहमीच आदर्श वाटत आली होती. मोजून घ्यावी इतकी बरोबर.

आबांनी त्यांच्या वावरात उभं राहून तीच हकीकत सांगितली, त्यांच्या वडिलांची. तेही तिघे भाऊ, आणि तसेच उभे तीन पट्टे.

"बापनी काळी माटी बठ्ठासले, तिन्ही भाऊसले, दिन्ही, मुरूमबी बठ्ठासले दिन्हा. न्याव करा. पन पानीले कोन्ही इचारं नही."

पट्टा अरुंद आणि लांब, त्यामुळे नांगर उताराच्या दिशेनेच चालणार. नांगराची प्रत्येक रेघ, म्हणजे तास, ही पाण्याला उतरायला एक नाली. पाऊस पडला की पाणी त्या तासांतून आणि उभ्या बांधाच्या कडेने सुसाट खाली जातं, आणि जाताना काळी माती घेऊन जातं. मी आमच्या वावराचा तो कोपरा आठवला, जिथे दर वर्षी घळ थोडी रुंद होते आणि नाना दर वर्षी तिच्यात काट्या टाकतात.

"मंग तुम्ही काय करं?" सुरेशने विचारलं.

"पहिला साल आम्ही शहाना व्हतूत," आबा म्हणाले. "ज्यान्हा त्यान्हा पट्टामा ज्यान्ही त्यान्ही आडवा बांध घाला. भाऊना एक हात वर, मन्हा एक हात खाले. दोन्हीना मधमा पानीले दरवाजा व्हयना. अशी घळ पडनी का तिन्हामा बैल उतरना."

दुसऱ्या वर्षी त्यांनी उभे बांध मोडले. गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने पातळी धरून तिन्ही पट्ट्यांतून एकसंध आडवे बांध घातले. हद्दीला फक्त दगड रोवले. पेरणी तिघांची मिळून, आडवी आणि एका पिकाची. कापणी ज्याच्या त्याच्या दगडांच्या आत. सात-बाऱ्यावर काहीच बदललं नाही.

नाना खाली बसले आणि बांधाच्या वरच्या अंगाची माती हाताने उकरू लागले. वीतभर खाली ती ओलसर होती. ती त्यांनी मुठीत दाबून बघितली. मी त्यांच्या तोंडाकडे बघून समजलो की शनिवारच्या गाडीचं काही खरं नाही.

पण सुरेश उभाच होता. तो म्हणाला, "नाना, एक इचारू? बांध मन्हा वावरमा. अर्ध पानी मन्हा वावरमा जिरी. आनि निंघी कोठे? खाले, तुम्हनी विहीरमा. हाई कोनता न्याव शे?"

नाना हाताची माती झटकत उठले. दगाजी आबांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. त्यांच्या तिघा भावांची विहीर सामाईक आहे.

परत

शुक्रवारी धुळ्याच्या स्टँडवर उसाचा रस पिताना सुरेशने हेच पुन्हा स्पष्ट केलं. राग नव्हता, हिशेब होता. बोअर हद्दीवर आहे, लागला तर निम्मा त्याचा. त्याला मुलांच्या शिक्षणासाठी रब्बीला कांदा घ्यायचा होता. विहीर नानांची, किल्ली नानांची. नुसत्या पावसाच्या कापसावर तो किती वर्षं काढणार?

त्याचं बरोबर होतं. अडचण अशी होती की नानांच्या लिंबांचंही बरोबर होतं आणि दोन कोरडे बोअरही खरे होते. मी बोअरवाल्याला फोन करून काम आखाजीनंतर ढकलायला सांगितलं. तो म्हणाला, इसार परत मिळणार नाही. आखाजीनंतर त्याला बोलवायचं की आडवे बांध घालायचे, हे सुरेशच्या होकारावर होतं, आणि त्याचा होकार नानांवर. एस.टी.त दोघे वेगवेगळ्या बाकांवर बसले.

आखाजी

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, सालदारांचं नवं साल सुरू होतं आणि पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. घागरीवर लहान मडकं, त्यावर आंबा, सांजोरी. ज्याचं त्याचं घर ज्याची त्याची घागर भरतं.

अक्का आली ती थेट विहिरीवर गेली. तळाशी झिरपलेलं थोडं पाणी नानांनी लिंबांना न टाकता या घागरीसाठी राखलं होतं. तिने नानांकडून किल्ली घेतली, मोटर लावली आणि आमची घागर भरली. मग घरी येऊन पलीकडच्या ओट्याकडे बघितलं. सुरेशच्या बायकोची घागर नळाच्या पाण्याची, भरून ठेवलेली.

"सुरेश, तू घागर कोन्हा नावनी भरी?"

"आजोबांच्या. दुसऱ्या कोणाच्या?"

"आनि नाना, तू?"

नाना म्हणाले, "आजोबांच्याच. तुला माहीत नाही का?"

"माले मालूम शे. तुम्हले मालूम शे का, इतलंच इचारी राहिनू," अक्का म्हणाली आणि आमची घागर उचलून सुरेशच्या ओट्यावर, त्याच्या घागरीशेजारी नेऊन ठेवली. "आजोबा एक, घर दोन. म्हातारा कोठे कोठे फिरी?"

जेवणं झाली. सांजोऱ्या झाल्या. नाना बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "सुरेश, तिसरा दिवस तुझा. दोन दिवस माझी मोटर, तिसऱ्या दिवशी तुझी. पाणी वाढलं तरी आणि आटलं तरी."

"लिही देश्यात का?"

"हा लिहील." नानांनी माझ्याकडे बोट केलं.

मी लिहिलं. सुरेशने वाचलं, दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, आणि सही केली.

मे महिन्यात काम केलं. माथ्यापासून सुरुवात केली. पाण्याच्या नळीचं एक टोक सुरेशकडे, दुसरं नानांकडे, आणि मध्ये उन्हात मी चुन्याची खूण टाकत. आजोबांचा बांध मोडायला जेसीबी आला तेव्हा नाना घरी निघून गेले. सुरेशने बांधाच्या डोक्याचा मोठा दगड काढू दिला नाही. तो हद्दीचा दगड म्हणून अजून तिथेच आहे. एका ठिकाणी आमची पातळी चुकली आणि जुलैत बांध फुटला. तो दगड लावून पुन्हा केला. कापूस दोघांनी मिळून आडवा लावला.

पाऊस गेल्या वर्षी बरा झाला, हे आधी लिहितो, म्हणजे सगळं श्रेय बांधांना दिलं असं होणार नाही. एका वर्षावरून मी काही सिद्ध करत नाही. पण घळ वाढली नाही. आणि संक्रांतीला, जेव्हा विहिरीत कबुतरं असतात, तेव्हा मोटर दोन तास चालत होती. लिंबं पिवळी पडलेली नाहीत. सुरेशचा कांदा थोडाच आहे, अर्धा एकर, पण उभा आहे.

आता दिलेल्या रकमा. बोअरवाल्याला पाच हजार, ते गेले. अक्काच्या गावच्या मारुतीला एक्कावन्न रुपये आणि एक नारळ. जेसीबीवाल्याला चोवीस हजार दोनशे. विहिरीपासून सुरेशच्या वावरापर्यंतच्या पाइपसाठी पारोळ्याच्या दुकानात अठरा हजार चारशे. उरलेले निम्मे आमच्याकडे आले, निम्मे सुरेशकडे गेले.

शेवटची रक्कम मी दिलेली नाही, म्हणून माझ्या वहीत ती नव्हती. सुरेशची पहिली पाळी आली त्याच्या आदल्या दिवशी नाना बाजाराला गेले होते. करदोट्याची किल्ली त्यांनी तासभर दुसऱ्याच्या हातात दिली, हे मला वहिनींकडून कळलं. पारोळ्याच्या बाजारात छत्रीखाली बसणाऱ्या किल्लीवाल्याला चाळीस रुपये.